पोट दुखतंय म्हणणारं मूल आणि एक माहितीपट

लहान मुलांच्या पोटदुखीवर मी पूर्वी लिहिलं आहे. बद्धकोष्ठता, जंत, लघवीचा जंतुसंसर्ग, अपेंडिक्स असं सगळं त्यात होतं. आज पुन्हा पोटदुखीवरच लिहितोय, पण त्या लेखात जे नव्हतं त्याबद्दल. ते का नव्हतं, तर लिहिताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मागच्या वर्षी चौतीस-पस्तीस वर्षांचा एक पेशंट माझ्याकडे यायला लागला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लेख त्याला आणि त्याच्या आईला वाचून दाखवला आहे, त्यांच्या होकारानेच तो इथे येतोय.) बीपी १५०/१००. ॲसिडिटी कॉलेजपासूनची, दोनदा दुर्बिणीतून तपासणी झालेली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. रात्री दोन-तीनपर्यंत झोप नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, म्हणून अरे-तुरे करतो. बीपीची गोळी सुरू केली, मीठ कमी कर, चाल, असं नेहमीचं सांगितलं.

तिसऱ्या वेळी मी विचारलं, "झोप का येत नाही रे? डोक्यात काय चालू असतं?"

तो मोबाइलकडे बघत बसला. मग म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही डॉक्युमेंटरी बघता का? 'रिवाइंड' नावाची एक आहे. ती बघा. मग बोलू."

खरं सांगतो, मी दोन आठवडे विसरलो. एका रविवारी आठवलं आणि बघायला बसलो. दीड तासापेक्षा कमीच आहे, पण मला मध्ये दोनदा थांबवावी लागली.

'रिवाइंड' हा २०१९ सालचा माहितीपट. तो केला आहे साशा जोसेफ न्यूलिंगर या तरुण दिग्दर्शकाने, आणि तो त्याच्या स्वतःच्या लहानपणावर आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात हे कुटुंब राहायचं. वडिलांना घरातलं सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपून ठेवायची सवय. वाढदिवस, सणाची जेवणं, अंगणातले खेळ, पाहुणे, सगळं टेपवर. पुढे उघड झालं, की त्या पाहुण्यांमधलेच दोन काका आणि एक चुलत भाऊ या मुलावर लैंगिक अत्याचार करत होते. बहिणीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. हे मी सांगितल्याने चित्रपटाची गंमत जाईल असं समजू नका, त्यात गंमत नाहीच. त्यात बघण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. मोठा झालेला साशा त्याच जुन्या टेप पुन्हा लावतो आणि आपण त्याच्याबरोबर बघत बसतो. आधी एक बडबड्या, कॅमेऱ्यासमोर नाचणारा, हुशार मुलगा. काही टेपनंतर तोच मुलगा चिडका होतो, स्वतःला नावं ठेवतो, कॅमेऱ्याकडे बघायचं टाळतो. त्याच टेपमध्ये, त्याच खोलीत, ते काका हसत वावरत असतात.

आई-वडील हलगर्जी होते असं अजिबात नाही. मुलगा बदलतोय हे त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. साशा तिथे तोंडाने सांगू शकत नव्हता, पण त्याने चित्रं काढली आणि हळूहळू नावं बाहेर आली. ती जुनी चित्रं चित्रपटात दाखवली आहेत. ज्या मुलाला 'नीट सांग ना' म्हणून चालत नाही, त्याच्या हातात खडू दिला तर काय होतं हे ज्यांना बघायचंय त्यांनी ती बघावीत. आणखी एक धक्का असा, की वडिलांच्या स्वतःच्या लहानपणीही त्यांच्या घरात हेच झालं होतं. ते गप्प राहिले होते. कॅमेरा हातात धरणारा माणूस लहानपणी स्वतः त्याच गोष्टीतून गेला होता, आणि तरीही समोर काय चाललंय हे त्याला कळलं नाही. आई-वडिलांना दोष द्यायची आपल्याला फार घाई असते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पुढे पोलीस, वकील, कोर्ट. लहान मुलाला तीच गोष्ट वेगवेगळ्या मोठ्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगावी लागली आणि खटल्यांचं ओझं त्याच्या डोक्यावर कित्येक वर्षं राहिलं. ते प्रकरण चालवणाऱ्या सरकारी वकील रीसा फर्मन यांनी नंतर पुढाकार घेतला, आणि २००९ साली त्याच मॉन्टगोमेरी काउंटीत 'मिशन किड्स' नावाचं केंद्र सुरू झालं. तिथे मुलाची मुलाखत प्रशिक्षित व्यक्ती एकदाच घेते. पोलीस, वकील, समाजसेवक ती तिथूनच ऐकतात, मुलाला दारोदार फिरावं लागत नाही.

चित्रपट संपल्यावर मी बराच वेळ बसून होतो. आपल्या पेशंटने आपल्याला काय सांगितलं हे मला कळलं होतं. पण माझा त्यात काय भाग होता हे अजून कळायचं होतं.

पुढच्या वेळी तो प्लास्टिकची एक फाइल घेऊन आला. त्याच्या आईने घरातल्या प्रत्येकाचे कागद जपून ठेवले आहेत, तशी त्याची ही लहानपणची फाइल. त्यात माझ्याच अक्षरातले पाच कागद होते. मी तेव्हा नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली होती. वय ९ वर्षं. बेंबीभोवती दुखतं. उलटी नाही, ताप नाही, वजन ठीक. जंताचं औषध. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. मग सोनोग्राफी, आणि रिपोर्टमध्ये 'आतड्याजवळ लहान गाठी'. तुमच्यापैकी अनेकांनी आपल्या मुलाच्या रिपोर्टमध्ये हे वाक्य वाचलं असेल आणि टीबीच्या भीतीने झोप घालवली असेल. अशा बारीक गाठी निरोगी मुलांतही दिसतात, बहुतेक वेळा त्यांना काही अर्थ नसतो. पण कागदावर काहीतरी सापडलं की डॉक्टरलाही बरं वाटतं आणि आईलाही. मी अँटिबायोटिक लिहून दिलं होतं.

चौथ्या कागदावर मी एक ओळ लिहिलेली होती : 'मे महिन्यात व दिवाळीत जास्त.'

ती ओळ वाचली आणि मला तो दिवस आठवला. त्याची आई म्हणाली होती, "याचं काहीतरी उलटंच आहे, डॉक्टर. सुट्टीत गावाला जायचं म्हटलं की पोट दुखतं." आणि मी हसून म्हणालो होतो, "बाकीच्या पोरांचं शाळेच्या नावाने दुखतं, याचं सुट्टीच्या नावाने!" आईपण हसली. मुलगा तपासणीच्या टेबलावर आडवा होता, छताकडे बघत.

गावाला कोण होतं, ते मी इथे लिहीत नाही. तो माणूस आता हयात नाही. हे मी सर्वांत आधी विचारलं, कारण तो हयात असता तर आज त्या घरात असलेल्या मुलांचा प्रश्न होता, आणि मग आमचं बोलणं वेगळ्या दिशेने गेलं असतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर हा लेख वाचून उद्या घरोघरी घबराट व्हायची. वारंवार पोट दुखणं मुलांमध्ये फार सामान्य आहे. १९५८ साली इंग्लंडमध्ये जॉन ॲप्ली या बालरोगतज्ज्ञांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली होती, तेव्हा साधारण दहांत एका मुलाला हा त्रास होता आणि त्यांतल्या फारच थोड्यांना शरीराचा आजार निघाला. उरलेल्या मुलांवर अत्याचार होत असतो असा याचा अर्थ नाही. परीक्षा, नवीन शाळा, आई-वडिलांची भांडणं, अगदी शाळेतलं घाण संडासही पुरेसं असतं. आणि ते पोट खरंच दुखत असतं, मूल नाटक करत नसतं. भीती वाटली की मेंदू शरीराला तयारीचा हुकूम देतो. ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, काळीज धडधडतं, आतड्यांची हालचाल बिघडते, आतड्यांच्या नसा हळव्या होतात. भीतीचं कारण गेलं की हे थांबायला हवं. पण कारण घरातच असेल, दर सुट्टीत भेटणारं असेल, तर ही यंत्रणा बंदच होत नाही. मुलाला शब्द सापडत नाहीत, म्हणून ते 'पोट दुखतंय' म्हणतं. ते खोटं नसतं.

मोठेपणी काय होतं याचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत सॅन दिएगोला झाला. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी तिथे वजन कमी करण्याचा कार्यक्रम चालवत. ज्यांचं वजन छान उतरत होतं असेच काही पेशंट मध्येच सोडून जायचे. का, याचा माग काढताना अनेकांच्या बोलण्यात लहानपणीचे अत्याचार आले. मग त्यांनी डॉ. रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर १७ हजारांहून अधिक प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं : मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली दारू, आईला होणारी मारहाण. १९९८ साली पहिला निबंध आला. अशा चार किंवा अधिक प्रकारांतून गेलेल्यांना दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट दिसला. हृदयविकाराशीही नातं दिसलं. ही माणसं चांगला आरोग्यविमा असलेली, बहुतेक मध्यमवर्गीय होती.

धोका वाढतो म्हणजे आजार होणारच, असं नाही. माझ्या या पेशंटचं बीपी लहानपणामुळेच वाढलं असंही मी म्हणणार नाही, त्याच्या वडिलांनाही बीपी होतं. गोळी चालूच आहे. पण त्याची झोप आणि ॲसिडिटी मी इतकी वर्षं कोणत्या खात्यात टाकत होतो, हे मला आता वेगळं दिसतं.

फाइल दाखवून झाल्यावर त्याने मला जे विचारलं, त्यामुळे खरं तर हा लेख लिहायला घेतला. "मी पण असं काही करू का? माझ्याकडे चांगला मोबाइल आहे. एकटा गावाच्या घरात जातो, सगळं बोलतो, रेकॉर्ड करतो आणि टाकून देतो सोशल मीडियावर. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

मी म्हणालो, "एकटा जाऊ नकोस." आणि टाकूही नकोस, निदान इतक्यात नाही.

असं का म्हणालो ते सांगतो, कारण ही इच्छा आज अनेकांना होते. चित्रपटात आपल्याला दीड तास दिसतो. त्याच्या मागे असलेली वर्षं दिसत नाहीत. साशाने कॅमेरा स्वतःकडे वळवला तेव्हा लहानपणी मिळालेले उपचार, खटल्यांचा शेवट, विश्वास ठेवणारे आई-वडील हे सगळं आधी झालेलं होतं. शिवाय टेप थांबवायचं, मागे न्यायचं बटण त्याच्या हातात होतं. जखम झाली तेव्हा या मुलांच्या हातात काहीच नसतं, कधी थांबायचं हे दुसरा ठरवतो. म्हणून मोठेपणी ती गोष्ट सांगताना कुणाला, किती, कुठे थांबायचं हे स्वतःला ठरवता येणं हा उपचाराचाच भाग आहे. सोशल मीडियावर टाकलं की ते बटण पुन्हा अनोळखी लोकांच्या हातात जातं. खाली कोण काय लिहील, 'तेव्हाच का नाही बोललास' असं किती जण विचारतील, सांगता येत नाही.

याच विषयावरचा दुसरा माहितीपट मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. रॉबर्ट ग्रीन यांचा 'प्रोसेशन', २०२१ सालचा. लहानपणी कॅथलिक धर्मगुरूंच्या अत्याचाराला बळी पडलेले सहा पुरुष, आता प्रौढ, एकत्र येतात आणि आपापल्या आठवणींतले प्रसंग स्वतः लिहून चित्रित करतात. प्रत्येकाच्या वेळी बाकीचे हजर असतात. कुणी भूमिका करतो, कुणी जागा शोधायला बरोबर जातो. एकाचं कायदेशीर प्रकरण चालू असल्याने त्याला स्वतःचा प्रसंग करता येत नाही, तो इतरांसाठी उभा राहतो. आणि या कामात सुरुवातीपासून नाट्योपचार करणारी तज्ज्ञ बरोबर आहे. मोठी, थोराड माणसं जुन्या घरासमोर गाडीतून उतरताना थरथरतात आणि शेजारचा पाठीवर हात ठेवतो. माझ्या पेशंटला मी तेच सांगितलं : कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी शेजारी कोण बसणार ते ठरव.

उपचार म्हणजे काय, हेही थोडं सांगायला हवं, कारण 'सगळं एकदा ओकून टाकलं की मन मोकळं होतं' असा आपला समज आहे. ताज्या आघातानंतर माणसाला लगेच बसवून सगळं वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनेही नको म्हटलं आहे. तिचा उपयोग होत नाही. ज्यांचा उपयोग होतो असे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात प्रशिक्षित समुपदेशक आठवणीकडे टप्प्याटप्प्याने, पेशंटला झेपेल इतकंच नेतो, आणि 'चूक माझीच होती' यासारखे घट्ट बसलेले विचार तपासायला मदत करतो. दुसऱ्याला ईएमडीआर म्हणतात, त्यात आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल करतात. विचित्र वाटतं ऐकायला, मलाही वाटलं होतं, पण मान्यताप्राप्त उपचार आहे. झोप, नैराश्य यासाठी गरज असेल तर औषधंही देतात. यातून आठवण पुसली जात नाही. ती आल्यावर शरीराने पूर्वीसारखं पेटून उठू नये, एवढं साधायचं असतं. कुठे सुरुवात करायची कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर लेख इथेच सोडा आणि आधी तिथे फोन करा, किंवा घरच्या कुणाला तरी आत्ता सांगा.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र थांबायला वेळ नसतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी एका ना एका प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. 'मुलगाच आहे, त्याला काय होतंय' हे वाक्य आपण आता तरी सोडलं पाहिजे. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. अठराच्या आतल्या मुलावर असं काही झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरलाही आणि काकूलाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत, कोर्टात आरोपी मुलाच्या समोर येऊ नये, मुलाला पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावू नये, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. तसं दरवेळी होतं का, हा वेगळा विषय, त्यावर चिडून लिहावं लागेल. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८. आणि मुलाचं बोलणं पुरावा म्हणून मोबाइलवर घेऊन व्हॉट्सॲपवर फिरवू नका. अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

मूल काही बोललं तर? तोंडावर धक्का दिसू देऊ नका, हे अवघड आहे ते मला माहीत आहे. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही' एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका, नावं सुचवू नका. आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण तुम्हाला ते मोडावं लागणार आहे.

माझ्या ओपीडीत एक बदल मी केला आहे. वारंवार पोट किंवा डोकं दुखणाऱ्या मुलाशी मी थोडा वेळ आई-बाबांशिवाय बोलतो. आमच्या सिस्टर समोर असतात, दार उघडं असतं. कधी दुखतं यापेक्षा कुठे जायचं असलं की दुखतं, कोण घरी आलं की दुखतं, हे विचारतो. बहुतेक मुलं गणिताच्या बाईंचं नाव घेतात. एक-दोघं गप्प झाली, त्यांना मी बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. वजन उतरणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सतत ताप यांतलं काही असेल तर तपासण्या आधी, यात तडजोड नाही.

तो आता दर आठवड्याला एका समुपदेशकाकडे जातो. बायकोला सांगितलं आहे. व्हिडिओ केलेला नाही, करणार नाही असंही म्हणत नाही. आईला सांगायला त्याला चार महिने लागले.

त्या मागच्या महिन्यात गुडघ्यासाठी आल्या होत्या. पेशंट संपेपर्यंत बाहेर थांबल्या, मग आत आल्या. खुर्चीवर बसून पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तो बोलला होता हो तेव्हा. तुमच्यासमोरच. तुम्ही हसलात आणि मीही हसले."

मी "हो" म्हणालो. मला चूक कबूल करायची होती, ती मी केली, पण शब्द धड जुळले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. मी बीपी मोजलं, फार जास्त आलं. पाच मिनिटं दोघंही काही न बोलता बसलो आणि मी पुन्हा मोजलं.